‘बिलव्हेड’मागची आई : मार्गारेट गार्नर

टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी वर्गात शिकवायला घेतली, की पहिल्या दोन-तीन तासांतच एक प्रश्न हमखास पुढे येतो. पोटच्या मुलीचा गळा चिरणारी सेथ ही नायिका गुन्हेगार मानायची की नाही? वर्गात दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, कोणत्याही कारणास्तव आईने असे करणे अक्षम्यच. दुसरी बाजू गुलामगिरीकडे बोट दाखवते. चर्चा रंगते, तास संपतो, आणि जिच्यामुळे ही कादंबरी जन्माला आली ती खरीखुरी स्त्री मात्र प्रस्तावनेतल्या एखाद्या ओळीपुरती किंवा तळटीपेपुरती उरते.

तिचे नाव मार्गारेट गार्नर. १८५६च्या जानेवारीत तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने मारले, आणि त्यानंतर अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत तिचे प्रकरण गाजत राहिले. वर्गात जो प्रश्न विचारला जातो तो तिच्या बाबतीत न्यायालयात विचारला जायला हवा होता. तो कधी विचारलाच गेला नाही. तिच्यावर खुनाचा खटला चालावा म्हणून धडपडले ते तिचे हितचिंतक आणि तिचा वकील. तो चालू नये म्हणून आटापिटा केला तो तिच्या मालकाने. वाचताना हे उलटे वाटते. पण मार्गारेटचे सारे आयुष्य समजून घ्यायचे तर या उलटेपणापासूनच सुरुवात करावी लागते.

मार्गारेटचा जन्म १८३४च्या सुमाराचा. केंटकी राज्याच्या उत्तर टोकाला असलेल्या बून परगण्यात, रिचवुड या गावाजवळ ‘मेपलवुड’ नावाची शेतीवाडी होती. मार्गारेटची आई प्रिसिला ही त्या घरातली दासी, म्हणून मार्गारेटही दासी. कायदाच तसा होता. मूल कोणाचेही असो, आई गुलाम असेल तर मूलही गुलाम आणि आईच्या मालकाची मालमत्ता. गुलामगिरी म्हटली की डोळ्यांपुढे कापसाचे अफाट मळे आणि चाबूक घेतलेला मुकादम येतो. मेपलवुडचे चित्र तसे नव्हते. उत्तर केंटकीत कापूस पिकत नसे. मका, जनावरे आणि घरकाम यांभोवती तिथले जीवन फिरत होते. मोजके गुलाम मालकाच्या घरातच वावरत, त्यांची मुले मालकाच्या मुलांबरोबर वाढत. याला सौम्य गुलामगिरी म्हणण्याची तेव्हा पद्धत होती. ती कितपत सौम्य होती, हे मार्गारेटच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. तिच्या कपाळावर एक आणि गालाच्या हाडावर एक असे जुने व्रण होते, आणि विचारणाऱ्याला ती एका गोऱ्या माणसाने मारल्याचे एवढेच सांगत असे.

मेपलवुडचा मालक जॉन पोलार्ड गेन्स हा वजनदार राजकारणी होता. मेक्सिकोच्या युद्धात तो लढला, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला आणि १८४९मध्ये दूर पश्चिमेकडील ऑरेगन प्रदेशाचा गव्हर्नर म्हणून त्याची नेमणूक झाली. निघताना त्याने मेपलवुड आपला भाऊ आर्चिबाल्ड गेन्स याला विकले. शेत, गोठे, अवजारे आणि त्यांबरोबर माणसे. मार्गारेट तेव्हा पंधरा वर्षांची होती.

तिच्या बालपणातली एक छोटी घटना पुढे फार महत्त्वाची ठरणार होती. मार्गारेट लहान असताना गेन्स कुटुंब तिला मुलीची दाई म्हणून ओहायो नदीपलीकडे सिनसिनाटी शहरात एकदा घेऊन गेले होते. ओहायो हे गुलामगिरीला बंदी असलेले राज्य. नदीच्या एका काठावर माणूस विकता येत असे, दुसऱ्या काठावर येत नसे. त्या भेटीनंतर ती मुकाट परत आली. लहान मुलीने दुसरे करायचे तरी काय होते?

१८४९च्या सुमारास तिचे रॉबर्ट गार्नरशी लग्न झाले. रॉबर्ट शेजारच्या जेम्स मार्शल याचा गुलाम. गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. त्यातून नवरा एका मालकाचा आणि बायको दुसऱ्याची, त्यामुळे एकत्र राहणे मालकांच्या मर्जीवर. रॉबर्टला मजुरीवर दूरदूर पाठवले जाई आणि महिनोन्‌महिने घर सुटत असे. या काळात मार्गारेटला चार मुले झाली. टॉमस आणि सॅम्युएल हे मुलगे, मग मेरी, आणि सर्वांत धाकटी सिला. यांतल्या काही मुलांचा, विशेषतः मेरीचा वर्ण इतका उजळ होता की तेव्हाच्या बातमीदारांनीही त्याची नोंद केली. मुलांचा पिता मालकच असावा, असा तर्क पुढे इतिहासकारांनी केला. स्टीव्हन वायझेनबर्गर यांनी १९९८मध्ये या प्रकरणावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यातही या शक्यतेची बरीच चर्चा आहे. ते सिद्ध झालेले नाही. मात्र दासीला नकार देण्याचा अधिकार नव्हता, एवढे त्या काळच्या कायद्यावरून सिद्धच आहे.

१८५६चा हिवाळा विलक्षण कडाक्याचा होता. ओहायो नदी गोठून घट्ट झाली. एरवी जिला ओलांडायला होडी आणि होडीवाल्याचे धैर्य लागे, त्या नदीवरून चालत जाता येऊ लागले. २७ जानेवारीच्या रविवारी रात्री मार्गारेट, रॉबर्ट, त्यांची चार मुले आणि रॉबर्टचे वृद्ध आईवडील मेरी व सायमन घराबाहेर पडले. मार्गारेट त्या वेळी पुन्हा गर्भवती होती. मार्शलच्या तबेल्यातले घोडे आणि बर्फावरची घसरगाडी त्यांनी घेतली. वाटेत आणखी काही पळणारे त्यांना मिळाले आणि एकूण संख्या सतरा झाली. सुमारे पंचवीस किलोमीटरचा रस्ता रात्रभरात कापून ते पहाटेपूर्वी कव्हिंग्टनला पोहोचले आणि गोठलेल्या नदीवरून पायी सिनसिनाटीत उतरले. इथे त्यांच्या दोन तुकड्या झाल्या. नऊ जणांना गुलामांना पळून जाण्यास साह्य करणाऱ्या गुप्त संघटनेचे लोक भेटले आणि ते पुढे सुखरूप कॅनडात गेले. गार्नर कुटुंबाचे आठ जण शहराच्या कडेला राहणाऱ्या, मार्गारेटच्या नात्यातल्या काइट नावाच्या मुक्त कृष्णवर्णीय माणसाच्या घरी गेले.

काइट सल्ला विचारायला लीव्हाय कॉफिन यांच्याकडे धावला. कॉफिन हे क्वेकर पंथाचे व्यापारी. हजारो पळालेल्या गुलामांना त्यांनी वाट दाखवली होती. कुटुंबाला तत्काळ दुसरीकडे हलवा, असे त्यांनी सांगितले. काइट परतला तोपर्यंत उशीर झाला होता. आर्चिबाल्ड गेन्स सरकारी मार्शलचा ताफा घेऊन दारात उभा होता.

घराची दारेखिडक्या आतून बंद करण्यात आल्या. रॉबर्टने पिस्तूल झाडले, एक डेप्युटी जखमी झाला. दार फोडले जात असताना मार्गारेटने स्वयंपाकघरातली सुरी उचलली आणि दोन वर्षांच्या मेरीचा गळा चिरला. मग ती दोन्ही मुलग्यांकडे वळली, त्यांना जखमा झाल्या. तान्ह्या सिलाला तिने फावड्याने मारले. तेवढ्यात तिला धरण्यात आले. चारही मुले आणि शेवटी आपण स्वतः, असा तिचा बेत होता. तो पुरा झाला नाही. मेली ती एकटी मेरी.

सासू मेरी हे सारे पाहत होती. पुढे तुरुंगात भेटलेल्या एका धर्मोपदेशकाला तिने सांगितले की आपण सुनेला उत्तेजनही दिले नाही आणि अडवलेही नाही, कारण तिच्या जागी आपणही बहुधा तेच केले असते. हे धर्मोपदेशक म्हणजे सिनसिनाटीच्या एका धर्मविद्यालयातले बॅसेट. त्यांना मार्गारेट भ्रमिष्ट असेल असे वाटले होते. ती अतिशय शांत होती. रागाच्या भरात किंवा वेड लागून हे केले नाही, मुलांना परत नेऊन थोडेथोडे मारले जाण्यापेक्षा एकदाच मरण बरे असे वाटले, असा तिच्या सांगण्याचा आशय होता. बॅसेट यांनी हा वृत्तान्त एका बॅप्टिस्ट पत्रात छापून आणला. हा लेख लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो पुढे शंभरेक वर्षांनी भलत्याच हातात पडणार होता.

आता कायद्याचा पेच सुरू झाला. १८५०च्या फरारी गुलामांविषयीच्या कायद्यानुसार पळालेला गुलाम कोणत्याही राज्यात सापडला तरी त्याला मालकाच्या हवाली करणे सरकारवर बंधनकारक होते. अशा प्रकरणाचा निवाडा ज्युरी नव्हे, तर एक आयुक्त करी. गुलामाला परत पाठवले तर आयुक्ताला दहा डॉलर शुल्क मिळे, सोडून दिले तर पाच. फरारी म्हणून पकडलेल्याची स्वतःच्या बाजूने साक्ष ग्राह्य नव्हती. हा कायदा एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ओहायो राज्याचा फौजदारी कायदा. ओहायोच्या भूमीवर एक माणूस मारला गेला होता, म्हणून राज्याने मार्गारेटवर खुनाचा आरोप ठेवला.

गार्नर कुटुंबाचे वकील जॉन जॉलिफ यांनी हा आरोप ढालीसारखा वापरला. आरोपीला राज्यातल्या खुनाच्या खटल्यातून काढून दुसऱ्या राज्यात नेता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. खटला ओहायोत चालला तर गव्हर्नर शिक्षा माफ करील आणि ती मोकळी होईल, अशी आशा त्यामागे होती. पण यापेक्षाही मोठी गोष्ट त्यात दडलेली होती. खून फक्त माणसाचा होतो. मार्गारेट खुनी ठरली असती तर छोटी मेरी माणूस ठरली असती, आणि जिला खुनाबद्दल जबाबदार धरता येते ती मार्गारेटही माणूस ठरली असती. गेन्सला हे परवडणारे नव्हते. त्याच्या हिशेबी मेरी हे नुकसान होते आणि मार्गारेट ही परत मिळवायची वस्तू.

आयुक्त जॉन पेंडरी यांच्यापुढे सुनावणी दोन आठवडे चालली. एरवी अशी प्रकरणे एका दिवसात निकालात निघत. न्यायालयाबाहेर गर्दी उसळत होती आणि ती आवरायला शेकडो विशेष शिपाई नेमावे लागले. मार्गारेट मांडीवर सिलाला घेऊन बसलेली असे. खाली मान घातलेली, क्वचित वर पाहणारी. जॉलिफ यांनी तिच्या बालपणीच्या सिनसिनाटी भेटीचा मुद्दा काढला. मालकाने स्वतः मुक्त राज्यात आणल्यामुळे ती त्याच दिवशी स्वतंत्र झाली, आणि स्वतंत्र स्त्रीची मुलेही जन्मतः स्वतंत्रच, असा तो युक्तिवाद. त्या भेटीविषयी सांगण्यापुरते मार्गारेटला बोलू दिले गेले. सुरीविषयी, मुलीविषयी, मेपलवुडविषयी तिला कोणीही काही विचारले नाही.

स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या ल्यूसी स्टोन या सुनावणीला आल्या होत्या. त्या मार्गारेटला तुरुंगात भेटल्या, तेव्हा तिला चाकू पुरवण्याची भाषा त्यांनी केली, असा आक्षेप गेन्सच्या बाजूने घेतला गेला. स्टोन यांनी तो नाकारला नाही. कामकाज तहकूब झाल्यावर त्यांनी तिथेच उभे राहून भाषण केले. मुलांच्या फिकट चेहऱ्यांकडे त्यांनी श्रोत्यांचे लक्ष वेधले आणि दासींना काय सोसावे लागते हे त्या चेहऱ्यांवरून कळते, असे सुचवले. सभ्य समाजात तेव्हा हे उघड बोलले जात नसे. मार्गारेटच्या बाजूने त्या खोलीत जे काही बोलले गेले, त्यातले सर्वांत धीट हेच असावे.

२६ फेब्रुवारीला निकाल लागला. बालपणी सिनसिनाटीला आलेली मार्गारेट आपखुशीने केंटकीला परतली, म्हणून तिने स्वातंत्र्याचा दावा सोडला, असे पेंडरी यांनी ठरवले. दोन दिवसांनी कडक पहाऱ्यात सारे कुटुंब नदीपलीकडे नेण्यात आले. खुनाचा आरोप ओहायोच्या दप्तरात तसाच पडून राहिला.

नंतर सुरू झाला तो लपंडाव. ओहायोचे गव्हर्नर सॅल्मन चेस यांनी खुनाच्या आरोपीला परत द्या, अशी मागणी केंटकीच्या गव्हर्नरकडे केली. ही मागणी त्यांनी पुरेशा तत्परतेने केली नाही, हा ठपका त्यांच्यावर पुढे अनेक वर्षे राहिला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. गेन्स मार्गारेटला एका गावातून दुसऱ्या गावात हलवत राहिला. ओहायोचे अधिकारी कव्हिंग्टनला पोहोचत तेव्हा ती फ्रँकफर्टला असे, ते फ्रँकफर्टला पोहोचत तेव्हा लुइव्हिलला. अखेर ७ मार्चला लुइव्हिलच्या धक्क्यावर ‘हेन्री लुइस’ या आगबोटीत तिला चढवण्यात आले. मुक्काम होता आर्कान्सा, गेन्सच्या दुसऱ्या भावाचा कापसाचा मळा.

वाटेत ‘हेन्री लुइस’ची दुसऱ्या आगबोटीशी टक्कर झाली. मार्गारेट आणि तिच्या कडेवरची सिला नदीत पडल्या. धक्क्याने पडल्या की मार्गारेटने उडी घेतली, यावर तेव्हाच्या बातम्यांतच दुमत आहे. मार्गारेटला वर काढण्यात आले, सिला बुडाली. मुलगी बुडाल्याचे कळल्यावर आईच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, असे वृत्तपत्रांनी छापले. उत्तरेकडच्या वाचकांना ते वाचून शहारे आले, दक्षिणेकडच्यांना राक्षसीपणाचा पुरावा मिळाला. दोन मुली होत्या, दोन्ही आता गेन्सच्या हाती लागणार नव्हत्या.

त्यानंतर ती हळूहळू बातम्यांतून नाहीशी झाली. मध्यंतरी काही दिवस तिला कव्हिंग्टनच्या तुरुंगात आणून ठेवले गेले, म्हणजे ओहायोला सहकार्य केल्याचा देखावा झाला. पण चेस यांचा माणूस पोहोचण्याआधीच तिला पुन्हा दक्षिणेत रवाना करण्यात आले. काही काळ न्यू ऑर्लीन्स. १८५७मध्ये मिसिसिपीतल्या बॉनम नावाच्या न्यायाधीशाने रॉबर्ट आणि मार्गारेटला विकत घेतले. त्याच वर्षी फ्रेडरिक डग्लस यांनी एका भाषणात तिचे नाव घेऊन तिचा गौरव केला. फ्रान्सिस एलन हार्पर यांनी तिच्यावर कविता लिहिली. यातले काही तिच्या कानावर गेले असण्याची शक्यता फार कमी. १८५८मध्ये विषमज्वराने मार्गारेट वारली. वय चोवीसच्या आसपास.

रॉबर्ट आणि दोन्ही मुलगे जगले. यादवी युद्धात रॉबर्ट उत्तरेच्या बाजूने लढला. युद्ध संपले, १८६५मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. १८७०मध्ये तो सिनसिनाटीत असताना एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने त्याला गाठले. मार्गारेट कशी गेली हे जगाला कळले ते त्या मुलाखतीतून. गुलामगिरीत पुन्हा लग्न करू नकोस, स्वातंत्र्याची आशा सोडू नकोस, असे तिने जाताना सांगितल्याचे त्याने नमूद केले.

तिची स्मृती पुढे चित्रात उरली, तीही विपर्यस्त होऊन. टॉमस सॅटरव्हाइट नोबल या चित्रकाराने १८६७मध्ये तिच्यावर मोठे तैलचित्र काढले आणि ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाने ते छापले. चित्राला ‘आधुनिक मेडीया’ असे नाव पडले. मेडीया ही ग्रीक पुराणकथेतली राणी. नवऱ्याने दुसरी केली म्हणून सूडाने मुले मारणारी. चित्रात जमिनीवर दोन मृत मुलगे आहेत. खऱ्या प्रसंगात मेली होती एक मुलगी. सूड आणि भय यांतला फरकही चित्राने पुसून टाकला.

त्यानंतर विस्मरण. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेच्या शाळांतून गुलामगिरीचा इतिहास शिकवला जाई तेव्हा त्यात मार्गारेट गार्नर कुठेच नव्हती. १९७४मध्ये ‘द ब्लॅक बुक’ नावाचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीयांच्या इतिहासातली जुनी कात्रणे, जाहिराती, छायाचित्रे, विक्रीपत्रे यांचे ते एक प्रकारचे बाड होते. प्रकाशनसंस्थेत त्याचे काम पाहणाऱ्या संपादिका होत्या टोनी मॉरिसन. बॅसेट यांचा तो १८५६चा लेख या कात्रणांत होता. तुरुंगातल्या आईचा शांतपणा मॉरिसन यांच्या मनात रुतून बसला. कादंबरी लिहायला घेतली तेव्हा त्यांनी मार्गारेटविषयी अधिक शोध घ्यायचे जाणूनबुजून टाळले. ‘बिलव्हेड’ १९८७मध्ये आली, १९८८मध्ये तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला. १९९३मध्ये मॉरिसन यांना नोबेल मिळाले.

वर्गात कादंबरी आणि हे चरित्र शेजारी ठेवून वाचले, की मॉरिसन यांनी काय बदलले ते ठळकपणे दिसते. सेथचा व्रण चेहऱ्यावर नाही, पाठीवर आहे, आणि तो झाडाच्या आकाराचा आहे. सासूने अडवले नाही आणि उत्तेजनही दिले नाही, ही बॅसेट यांच्या लेखातली ओळ कादंबरीत बेबी सग्ज या पात्राच्या उरलेल्या आयुष्यावर सावलीसारखी पसरते. सर्वांत मोठा बदल निराळाच आहे. सेथला परत नेले जात नाही. ती तुरुंगातून सुटते आणि सिनसिनाटीतल्या त्याच घरात मृत मुलीच्या छायेत जगत राहते. मार्गारेटला आठवायलाही वेळ मिळाला नव्हता. दोन वर्षांत ती गेली. इतिहासाने न दिलेली अठरा वर्षे मॉरिसन यांनी सेथला दिली आणि त्या वर्षांत स्मृती काय करते ते दाखवले. सेथ स्मृतीसाठी स्वतःचा एक वेडावाकडा शब्द वापरते. आठवण डोक्यात नसून बाहेर, जागेवर पडून असते आणि कोणीही तिथे गेले तर तिला धडकते, असे तिला वाटते. शिक्षकांना हा शब्द समजावून सांगताना घाम फुटतो, आणि मराठीत तर त्याला नेमका प्रतिशब्द नाही.

आणखी एक गोष्ट वर्गासाठी विशेष आहे. कादंबरीतला क्रूर मालक हा शाळामास्तर आहे, आणि त्याला दुसरे नावही नाही. तो गुलामांची मापे घेतो, वहीत नोंदी करतो, आणि आपल्या विद्यार्थ्यांना सेथची माणसासारखी लक्षणे एका रकान्यात आणि जनावरासारखी दुसऱ्या रकान्यात लिहायला लावतो. ज्या शाईने तो लिहितो ती शाई सेथनेच तयार केलेली असते. हे प्रकरण फळ्यासमोर उभे राहून शिकवणे सोपे नाही. मार्गारेटच्या सुनावणीतही दोनच रकाने होते. पेंडरी यांनी तिला त्यांतल्या एकात टाकले.

ही कादंबरी वर्गात नको, अशी ओरड अमेरिकेत वारंवार झाली. २००७मध्ये केंटकीतल्या लुइव्हिल शहरातल्या एका हायस्कुलात शेवटच्या वर्षाच्या इंग्रजीच्या तासातून ‘बिलव्हेड’ काढून घेण्यात आली, दोन पालकांनी तक्रार केली म्हणून. याच लुइव्हिलच्या धक्क्यावर मार्गारेटला आगबोटीत चढवले होते. व्हर्जिनियात एका पालकाच्या तक्रारीतून प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले. वर्गातल्या अश्लील मजकुराची पालकांना पूर्वसूचना द्यावी, असे विधेयक तिथे संमत झाले. गव्हर्नर मॅकॉलिफ यांनी २०१६मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला. २०२१च्या निवडणूक प्रचारात हा वाद पुन्हा उकरला गेला आणि २०२२मध्ये तशा आशयाचा कायदा झाला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे झेपेल का, ही पालकांची काळजी सर्वस्वी खोटी नाही. कादंबरीत लैंगिक अत्याचार आहेत आणि ते झाकलेले नाहीत. मात्र मार्गारेटला पहिले मूल झाले तेव्हा तीही याच वयाची होती.

भारतात ही कादंबरी बहुतेक ठिकाणी एम. ए. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसमोर येते, त्यामुळे असे वाद इथे झाले नाहीत. मराठी विद्यार्थ्याला मात्र या कथेकडे जाण्याची एक वाट जवळची आहे. सेथची कथा घडते त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले, आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले. मार्गारेट जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

मॉरिसन यांनी मार्गारेटला एकदा तिच्या खऱ्या नावानेही रंगमंचावर आणले. रिचर्ड डॅनियलपोर यांच्या संगीताने नटलेल्या ‘मार्गारेट गार्नर’ या ऑपेराची संहिता त्यांची. पहिला प्रयोग मे २००५मध्ये डेट्रॉइटला झाला, आणि त्यानंतर जुलैमध्ये सिनसिनाटीत. इथे मात्र मॉरिसन यांनी मार्गारेटवर खटला चालवला. रंगमंचावरच्या न्यायालयात तिच्यावर आरोप ठेवला जातो तो खुनाचा नव्हे. मालकाची मालमत्ता चोरून ती नष्ट केल्याचा.